डॉलर मागणारा लेख घरबसल्या उघडला

दिवाळीच्या सुट्टीत खानापूरला घरी होतो. प्रोजेक्टसाठी एक लेख हवा होता. गूगलवरून उघडला तर प्रकाशक डॉलरात पैसे मागायला लागला. कॉलेजनं 'एन-लिस्ट'ची (कॉलेजांना ऑनलाइन जर्नल्स-पुस्तकं वाचायला देणारी योजना) वर्गणी भरलेली, मग हे काय? बेळगावला ग्रंथपाल सरांना फोन लावला.

"अरे, मागच्या दारानं कशाला शिरतोस? आधी एन-लिस्टच्या साइटवर लॉगिन कर, मग तिथल्याच यादीतून प्रकाशकाकडे जा."

तेवढंच चुकत होतं. पण पासवर्ड? सरांनी खातं उघडलं तेव्हाच मेल आलेला, स्पॅममध्ये पडून होता! आमच्याकडे रेंज फक्त माळ्यावर, म्हणून फराळाचं ताट घेऊन वरच बसलो. हवे तेवढेच लेख उतरवले. ढीगभर उतरवायला बंदी आहे. जुनी मराठी पुस्तकं मात्र नॅशनल डिजिटल लायब्ररीत शोधली.