लंबर स्टेनोसिसची फिजिओथेरपी चालू आहे पण चालणं वाढत नाहीये? या चुका टाळा

एमआरआयमध्ये कंबरेच्या एल ४-एल ५ मणक्यांपाशी कॅनल स्टेनोसिस, म्हणजे नसा जातात ती नळी (कॅनल) अरुंद झालीय, असं लिहून आलंय, दोन-तीन महिने फिजिओ चालू आहे, पैसे जातायत, आणि तरी आई कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत एका दमात जात नाही, मध्ये कुणाच्या तरी पायरीवर बसतेच. ही तक्रार घेऊन येणारे खूप असतात. बहुतेक ठिकाणी गडबड एकच सापडते, उपचार चाललेले असतात कंबरदुखीचे आणि आजार असतो चालण्याचा. काही जणांची तर कंबर दुखतही नाही, पण थोडं चाललं किंवा लग्नात आहेराच्या रांगेत उभं राहिलं की पाय जड होतात, भरून येतात, मुंग्या येतात, आणि बसलं की दोन-पाच मिनिटांत सगळं ठीक.

असं का होतं ते आधी बघा, म्हणजे पुढचं आपोआप कळेल. वय वाढतं तशी मणक्यांमधली डिस्क चपटी होते, मागचे सांधे जाड होतात आणि लिगामेंटम फ्लेव्हम नावाची आतली पट्टीही जाड होते. ताठ उभं राहिलं किंवा कंबर मागे वाकली की ही पट्टी आतल्या बाजूला दुमडते आणि नसांची जागा अजून कमी होते, पुढे वाकलं की पट्टी ताणली जाते आणि थोडी जागा मोकळी होते. म्हणून तर घरापासून चौकापर्यंत न चालणारे बाबा मॉलमध्ये ट्रॉलीवर रेलून अर्धा तास आरामात फिरतात, सायकल चालवतात, आणि पर्वती चढताना नाही तेवढा त्रास उतरताना होतो म्हणतात. घरच्यांना वाटतं नाटक करतायत. नाटक नाहीये ते.

भुजंगासन

माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. कंबर दुखते म्हटलं की शेजारी, योगा क्लास, मोबाईलवरचे व्हिडिओ सगळे एकच सांगतात, पोटावर झोप आणि छाती वर उचल. स्लिप डिस्कच्या काही पेशंटना याने खरंच आराम पडतो आणि तिथूनच हा व्यायाम घराघरात पोचलाय. पण स्टेनोसिसमध्ये मागे वाकणं म्हणजे आधीच अरुंद जागा अजून आवळणं. भुजंगासन, शलभासन, धनुरासन, कंबरेवर हात ठेवून मागे झुकणं, हे सगळं बंद. दुसऱ्याच्या व्यायामाच्या कागदाची झेरॉक्स तर अजिबात वापरू नका, भले त्याचाही आजार 'मणक्याचाच' असो.

त्याऐवजी पाठीवर झोपून एक गुडघा छातीकडे ओढा, वीस-तीस सेकंद धरा, मग दुसरा, मग जमले तर दोन्ही. गुडघे दुमडून कंबर गादीला टेकवायची, ज्याला पेल्विक टिल्ट म्हणतात, ते करा. खुर्चीत बसून हळूहळू पुढे वाकून हात घोट्यांपर्यंत न्या. गुडघे साथ देत असतील तर बालासन. दोन अपवाद मात्र आहेत. हाडं खूप ठिसूळ असतील, आधी मणका दबून फ्रॅक्चर झालं असेल तर सारखं पुढे वाकणंही धोक्याचं, विशेषतः वयस्कर बायकांमध्ये, त्यामुळे फिजिओला हे पहिल्याच दिवशी सांगा. आणि पुढे वाकल्यावर पायातली कळ वाढत असेल तर सोबत डिस्कचाही भाग असू शकतो, तेव्हा थांबा आणि विचारा.

नुसता शेक आणि करंट

अर्ध्या तासाच्या सेशनमध्ये पंचवीस मिनिटं मशिनवर आणि शेवटी 'घरी व्यायाम करा हं'. शेकाने, आयएफटी नावाच्या मशिनच्या सौम्य करंटने स्नायू सैल पडतात, तासभर बरं वाटतं, त्याला माझी ना नाही, पण त्याने चालणं वाढत नाही. ट्रॅक्शनचंही, म्हणजे मशिनने कंबर ताणण्याचंही तेच, या आजारात त्याचा फायदा होतो असा चांगला पुरावा नाहीये. जपानमध्ये ८६ पेशंटवर एक अभ्यास झाला, २०१९ मध्ये छापून आला. एका गटाला आठवड्यातून दोनदा असं सहा आठवडे फिजिओच्या देखरेखीखाली ट्रीटमेंट, म्हणजे हाताने केलेली थेरपी, स्ट्रेचिंग, ताकदीचे व्यायाम, सायकल आणि शरीराचं वजन थोडं उचलून धरणारी ट्रेडमिल, आणि दुसऱ्या गटाला नुसते घरचे व्यायाम. पहिल्या गटाची लक्षणं जास्त कमी झाली आणि ते जास्त अंतर चालायला लागले. म्हणजे पैसे द्यायचेत ते कुणीतरी समोर उभं राहून करून घेण्याचे, मशिनखाली झोपण्याचे नाही. महिन्याच्या शेवटी एकच प्रश्न विचारा, चालणं किती वाढलं? उत्तर देता येत नसेल तर कुणी मोजलंच नाहीये.

चालण्यातल्या चुका

इथे दोन टोकाची माणसं भेटतात. एक, त्रास होतो म्हणून चालणंच सोडून देतात, मग मांड्या बारीक होतात, दम लागतो, वजन वाढतं आणि मग खरोखरच चालवत नाही. दुसरे, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय म्हणून दात-ओठ खाऊन तीन राउंड पूर्ण करतात आणि पुढचे दोन दिवस पलंगावर. दोन्ही नको. पाय भरायला किती अंतरावर सुरुवात होते ते बघा, विजेचे खांब मोजा हवं तर, आणि त्रास असह्य व्हायच्या बऱ्याच आधी बसा. बसा म्हणजे बसाच, उभ्याने विश्रांती घेऊन इथे उपयोग नाही. थोडं पुढे वाकून बसायचं, पाय हलके झाले की पुन्हा चालायचं. असे चार-पाच तुकडे जोडून एकूण वेळ हळूहळू वाढवायची, त्यामुळे बाकं असलेली बाग यासाठी सगळ्यात चांगली.

आणि घरच्यांनो, 'आई, ताठ चाल' हे सांगणं कृपया बंद करा. ती वाकून चालते कारण तसं तिच्या नसांना जागा मिळते. काठी किंवा चाकांचा वॉकर घेतला तर लाज कसली, ट्रॉलीचं काम तोच करतो. ज्यांना रस्त्यावर जमतच नाही त्यांना स्टॅटिक सायकल द्या, दम आणि मांड्यांची ताकद बसल्या बसल्या वाढते आणि पाय भरत नाहीत. पोहण्याच्या तलावात छातीभर पाण्यात चालणंही छान, फक्त तळ निसरडा नाही ना ते बघा.

नेहमी वाकूनच राहणं

आता वरच्याच्या उलट वाटेल पण ऐका. दिवसभर खुर्चीत आणि चालताना वाकून राहिल्याने मांडीच्या पुढचे, खुब्याचे स्नायू आखडतात. मग उभं राहिलं की ते कंबरेला पुढे खेचतात, कंबरेची खोबण वाढते आणि कॅनल आवळतो. त्यामुळे खुब्याचं स्ट्रेचिंग लागतंच, पण पोट आत घेऊन, कंबर मागे न वाकवता, आणि ते आधी फिजिओसमोर शिका. सोबत पोटाचे आतले स्नायू आणि बैठकीचे स्नायू, हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठ-बस हा यातला सगळ्यात कामाचा व्यायाम. ओट्याला धरून एका पायावर उभं राहण्याचा सराव पण करा, या पेशंटचा तोल जातो आणि पडून खुबा मोडला तर स्टेनोसिस परवडला म्हणायची वेळ येते.

कंबरेला बांधायच्या पट्ट्याचं थोडक्यात सांगते. बाहेर जाताना, जास्त उभं राहायचं असेल तेव्हा तासभर लावा, दिवसभर नाही. फळीवर झोपायची गरज नाही, पोटावर मात्र झोपू नका. कुशीवर, गुडघ्यांमध्ये उशी घेऊन झोपा.

रिपोर्ट बघून घाबरणं किंवा रिपोर्टवरच उपचार करणं

एमआरआय झोपवून काढतात आणि तुमचा त्रास आहे उभ्याचा. साठीच्या पुढे कित्येकांच्या एमआरआयमध्ये अरुंद कॅनल दिसतो आणि त्यांना काही म्हणजे काही होत नसतं. फिजिओने हाडातला कॅनल रुंद होत नाही, त्यामुळे सहा महिन्यांनी पुन्हा एमआरआय काढून 'सुधारलं का' बघण्यात अर्थ नाही, आणि मणका बसवून कॅनल मोकळा करून देतो म्हणणाऱ्याकडे तर जाऊच नका, झटका देऊन कडकडा वाजवणं अशा मणक्याला महागात पडू शकतं.

ऑपरेशन की फिजिओ हा वाद नेहमीचाच. २०१५ मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास आला, ऑपरेशनला तयार असलेले १६९ पेशंट, निम्म्यांना ऑपरेशन आणि निम्म्यांना फिजिओ. दोन वर्षांनी दोन्ही गटांची हालचाल साधारण सारखीच. फॉरवर्डमध्ये एवढंच फिरतं, पण फिजिओवाल्यांपैकी ५७ टक्क्यांनी मधल्या काळात ऑपरेशन करून घेतलं हे कुणी सांगत नाही. मला यातून एवढंच कळतं की नीट फिजिओ करून बघितल्याशिवाय ऑपरेशनची घाई नको आणि फिजिओने भागत नसेल तर ऑपरेशनला हार समजू नका.

सगळं नीट करूनही फरक नाही?

मग आजार दुसराही असू शकतो. चालताना पोटऱ्या दुखतात पण नुसतं उभं राहिलं तरी थांबतात, पाय गार पडतात, तंबाखू-सिगरेट किंवा शुगर आहे, तर रक्तवाहिन्यांचा डॉप्लर करा. चालण्याशी संबंध नसताना रात्री तळपाय जळजळत असतील तर शुगर आणि बी १२ तपासा. जांघेत दुखतंय, मांडी घालता येत नाही, तर खुब्याचा एक्स-रे. आणि शर्टाची बटणं लावताना बोटं अडखळत असतील, चालताना झोकांड्या जात असतील तर मानेतही तीच भानगड असू शकते, कंबरेच्या व्यायामाने ती सुटणार नाही, आधी डॉक्टरांना दाखवा.

सहा-आठ आठवडे मनापासून केलं आणि खांब तेवढेच राहिले तर स्पाइन सर्जनचं मत घ्या. पाऊल लुळं पडून चप्पल निसटायला लागली तर मात्र तेवढंही थांबू नका, लगेच दाखवा. आणि लघवी अडकली किंवा कळेनाशी झाली, शौचावरचा ताबा गेला, बसायच्या जागी बधिरपणा आला तर फिजिओची अपॉइंटमेंट रद्द करा आणि त्याच दिवशी, रात्र असली तरी, हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा.