मोफत शोधनिबंध हवेत? आधी नोंदीचा क्रमांक वाचा

शैक्षणिक मानसशास्त्रात संशोधन सुरू केलं की बरेच निबंध पैशांच्या कुंपणामागे अडकलेले दिसतात. अशा वेळी अमेरिकेच्या शिक्षण विभागाचा 'एरिक' हा संग्रह आधी उघडा. खातं काढावं लागत नाही. शोधचौकटीखाली 'पीअर रिव्ह्यूड' (म्हणजे त्याच विषयातल्या तज्ज्ञांनी समीक्षण केलेले) आणि 'फुल टेक्स्ट' (पूर्ण मजकूर उपलब्ध असलेले) या दोन्ही पर्यायांवर खूण करा.

मग नोंदीचा क्रमांक बघा. 'ईजे'ने सुरू होत असेल तर तो नियतकालिकातला लेख. 'ईडी' म्हणजे अहवाल, परिषदेतले निबंध वगैरे. 'ईडी'मध्येही कामाचं पुष्कळ सापडतं, फक्त त्याचं समीक्षण झालंच असेल असं धरून चालू नका. चांगला लेख मिळाला की त्याखालचे 'डिस्क्रिप्टर्स', म्हणजे विषय दाखवणारे शब्द, जरूर वाचा. तिथल्या 'मेटाकॉग्निशन'सारख्या (स्वतःच्या विचारप्रक्रियेचं भान) ठरलेल्या संज्ञेवर क्लिक केलं की त्याच विषयाचे आणखी लेख समोर येतात. नव्या संशोधकाला याहून उपयोगी सवय मला तरी माहीत नाही.

स्वतःचा निबंध पाठवताना मात्र 'डीओएजे' ही मुक्त नियतकालिकांची सूची तपासा. २००३ साली स्वीडनच्या लुंड विद्यापीठात सुरू झालेल्या या सूचीत प्रत्येक नियतकालिकाचं शुल्क आणि समीक्षणाची पद्धत दिलेली असते. वाचायला मोफत म्हणजे छापायलाही मोफत, असं नसतं; शुल्क न घेणारी नियतकालिकं तिथे वेगळी गाळून घेता येतात.