चूक कंत्राटदाराची, पण भुर्दंड कोणाला?

बिलिंगला रुजू झाले तेव्हा एक वाक्य मला तोंडपाठ होतं: चूक कंत्राटदाराची, तर खर्चही त्याचाच. पहिल्याच प्रोजेक्टवर ते उघडं पडलं.

एका कॉलमला हनीकॉम्ब निघालं, काँक्रीटमध्ये पोकळ्या राहिल्या होत्या. कॉलम तोडून पुन्हा भरला. मी मालकाच्या बाजूने बिल तपासत होते. तोडफोड, नवं काँक्रीट, जादा मजुरी, सगळ्यावर लाल रेघ मारली. साहेबांनी कागद परत सरकवला. "करार कुठल्या पद्धतीचा आहे ते बघितलंस?"

नव्हतं बघितलं.

काम आयटम रेटवर (प्रत्येक कामाचा ठरलेला दर) किंवा लम्पसमवर (सगळ्याची मिळून एकच ठोक रक्कम) असतं तर माझी रेघ बरोबर होती. तिथे एका कॉलमचे पैसे एकदाच मिळतात, तो कितीदा भरला हा कंत्राटदाराचा प्रश्न. आमचा करार मात्र एनईसी ४ या छापील ब्रिटिश कराराचा ऑप्शन सी, म्हणजे टार्गेट कॉस्ट: आधी एक लक्ष्य-रक्कम ठरते, आणि खर्च तिच्यापेक्षा कमी-जास्त झाला तर फरक दोघांत वाटला जातो. इथे प्रत्यक्ष खर्च अधिक फी द्यायची आणि 'डिसअलाऊड कॉस्ट'च्या, म्हणजे अमान्य खर्चाच्या, यादीत बसेल तेवढंच कापायचं. यादीत काम पूर्ण झाल्यानंतरच्या दोषदुरुस्तीचा खर्च आहे. पूर्ण होण्याआधीचा मात्र दोष म्हणून एकाच परिस्थितीत कापता येतो: काम कसं करायचं याबद्दल स्कोपमध्ये (कामाचं वर्णन आणि अटी सांगणाऱ्या कागदात) घातलेलं बंधन मोडल्यामुळे दोष आला असेल तर. आमच्या स्कोपमध्ये काँक्रीट भरण्याच्या पद्धतीवर एक ओळही नव्हती.

कंत्राटदार पूर्ण सुटतो असंही नाही. स्वतःच्या चुकीसाठी टार्गेट वाढत नाही. फरकातला वाटा निम्मा-निम्मा असेल, तर दुरुस्तीवर गेलेल्या १०० पैकी ५० शेवटी त्याच्याच खिशातून जातात. टार्गेटच्या आत राहिला तर बचतीतला त्याचा वाटा तेवढा घटतो. उरलेले ५० मालकाचे. हे मालकांना पचत नाही, म्हणून बरेच जण झेड क्लॉज (छापील करार बदलणारी जादा कलमं) घालून हा खर्चही यादीत टाकतात. तेव्हा छापील क्लॉजच्या आधी झेड क्लॉज वाचा. मी अजूनही तिथूनच सुरुवात करते.

फिडिक या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या १९९९ च्या रेड बुकवर, म्हणजे तिच्या छापील बांधकाम करारावर, काम करणं त्या मानाने सोपं. क्लॉज ११.२ प्रमाणे दोष कंत्राटदाराच्या डिझाइनमुळे, कराराप्रमाणे नसलेल्या मालामुळे किंवा कारागिरीमुळे, किंवा त्याने दुसरी एखादी जबाबदारी न पाळल्यामुळे आला असेल, तर दुरुस्ती त्याच्या खर्चाने. कारण दुसरं असेल तर ती व्हेरिएशन, म्हणजे कामातला बदल, ठरते. भांडण होतं ते कारणावरून. "इंजिनिअरने सही केली होती" हा बचाव साइटवर हमखास ऐकाल. क्लॉज ३.१ नुसार इंजिनिअरची तपासणी किंवा मंजुरी कंत्राटदाराला जबाबदारीतून मोकळं करत नाही. जुन्या ड्रॉइंगवर बांधलेल्या भिंतीची गोष्ट वेगळी: तिथे आधी ट्रान्समिटल रजिस्टर (कुठलं ड्रॉइंग कधी पाठवलं याची नोंदवही) मागवा. सुधारित ड्रॉइंग भिंत झाल्यावर पोचलं असेल, तर तिला कंत्राटदाराची चूक म्हणताच येत नाही.

आमच्या कॉलमकडे परत येते. त्याच डिसअलाऊड कॉस्टच्या यादीत आणखी एक नोंद आहे, हिशेब आणि रेकॉर्डने सिद्ध न होणारा खर्च. बिल पुन्हा घेऊन बसले आणि टाइमशीट एकेक करून जुळवली. दोन दिवसांच्या मजुरीला टाइमशीटच नव्हती. तेवढ्यावर रेघ मारली, ती टिकली.