‘भीमायन’ मुलांसोबत वाचताना
मुलांशी जातीविषयी बोलायचे कसे, असा प्रश्न पडलेल्या पालकांनी दहा-अकरा वर्षांच्या मुलासोबत ‘भीमायन’ हे चित्रपुस्तक वाचावे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे अनुभव सांगणारे हे पुस्तक २०११ साली प्रसिद्ध झाले असून त्यातील चित्रे दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांची आहेत. सुरुवातीलाच जातिव्यवस्थेवर व्याख्यान देऊ नये. आधी संवादांचे फुगे पाहावेत. मायेने बोलणाऱ्याचे शब्द पक्ष्याच्या आकारात येतात, तर अपमान करणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी असते. माझ्या मते या पुस्तकाची खरी ताकद इथेच आहे. ‘या वाक्याला नांगी का काढली असेल?’ एवढेच विचारावे आणि मुलाला विचार करू द्यावा.

१९०१ साली लहानगा भीम घरच्या इतर मुलांसह वडिलांकडे जायला मसूर स्थानकावर उतरला, जात कळताच गाडीवाले न्यायला तयार होईनात, आणि दुप्पट भाडे कबूल करून निघालेल्या या मुलांना रात्रभर प्यायला पाणी मिळाले नाही, हा प्रसंग मात्र सावकाश वाचावा. ‘ते जुने दिवस होते’ असे म्हणून विषय मिटवू नये, कारण घरकामाला येणाऱ्या मावशींचा कप वेगळा ठेवला जात असेल, तर तो मुलाने पाहिलेला असतोच. ‘आपली जात कोणती?’ असे त्याने विचारल्यास खरे उत्तर द्यावे, आणि त्या जातीमुळे आपल्या घराला काय सहज मिळाले किंवा काय नाकारले गेले, हेही सांगावे.