पौर्णिमेच्या चंद्राचा फोटो टेलिफोटो लेन्सने काढताना या चुका टाळा

फोटोत चंद्राऐवजी नुसती पांढरी चकती आली, तर दोष लेन्सचा नसतो. फ्रेमचा बहुतेक भाग काळा असल्यामुळे ऑटो मोड एक्सपोजर (फोटोत येणारा उजेड) वाढवतो आणि चंद्रावरचे डाग धुऊन जातात. पौर्णिमेच्या चंद्रावर भर दुपारचं ऊन पडलेलं असतं, तेव्हा सेटिंगही उन्हाचंच हवं: मॅन्युअल मोड, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, लेन्सचं छिद्र एफ/८, शटर १/२०० सेकंद. तरीही पांढरे भाग जळत, म्हणजे तपशील न उरता नुसते पांढरे होत असतील तर शटर १/३२० करा. चंद्र क्षितिजालगत तांबूस असेल तर उलट दोन-तीन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) वाढवावे लागतात.

फोटो धूसर येण्याची कारणं तीन, आणि ती ओळखता येतात. फोटो शंभर टक्क्यांवर मोठा करून चंद्राची कड पाहा.

कड सगळीकडून सारखीच मऊ असेल तर फोकस चुकला आहे. लेन्सची फोकस रिंग शेवटपर्यंत फिरवली की अनंतावर, म्हणजे अतिदूरच्या वस्तूवर फोकस झाला, हा समज बहुतेक टेलिफोटोंच्या बाबतीत खोटा ठरतो. त्यांची रिंग अनंताच्याही पुढे जाते. लाइव्ह व्ह्यू (कॅमेऱ्याच्या स्क्रीनवरचं थेट दृश्य) दहापट मोठा करा, कड कापल्यासारखी दिसेपर्यंत रिंग फिरवा, किंचित पुढे नेऊन परत आणा. मग ऑटोफोकस बंदच ठेवा. गारठा वाढला की फोकस सरकतो, म्हणून अर्ध्या तासाने पुन्हा तपासा.

कड एकाच दिशेला ओढल्यासारखी दिसली तर कॅमेरा हलला आहे किंवा शटर फार संथ आहे. चंद्र साधारण दोन मिनिटांत स्वतःच्या रुंदीइतका सरकतो. ४०० मिमीवर अर्ध्या सेकंदाचं शटर त्याची कड पुसायला पुरतं. जड लेन्स असेल तर ट्रायपॉड कॅमेऱ्याला न लावता लेन्सच्या कॉलरला (लेन्सभोवतीच्या ट्रायपॉड लावायच्या कड्याला) लावा, मधला दांडा खाली ठेवा, दोन सेकंदांचा टायमर वापरा. ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशन (हलणं सावरणारी सोय) बंद करून एकदा तुलना करा, जुन्या लेन्समध्ये तर नक्कीच.

कड लाटांसारखी वेडीवाकडी असेल आणि दर फोटोत बदलत असेल, तर ती हवेची करामत. इथे कुठलंही सेटिंग कामाला येत नाही. तापलेल्या छपरांवरून किंवा बंद खिडकीच्या काचेतून फोटो घेऊ नका, चंद्र वर चढू द्या, वीस-तीस फोटो घेऊन त्यातला सर्वांत स्वच्छ निवडा.

चंद्र लहान दिसतो ही तक्रार गणिताची आहे. फोकल लेन्थला ११० ने भागा: ४०० मिमीवर सेन्सरवरचा चंद्र जेमतेम ३.६ मिमी, आणि फुल फ्रेमची उंची २४ मिमी. दुपटीचा कन्व्हर्टर (कॅमेरा आणि लेन्समध्ये बसणारं, फोकल लेन्थ वाढवणारं भिंग) लावला तर आकार वाढतो, पण दोन स्टॉप उजेड जातो, एफ/५.६ ची लेन्स एफ/११ होते.

विवरं उठावदार हवी असतील तर पौर्णिमा ही मुळात चुकीची रात्र. ऊन समोरून पडतं, सावल्याच नसतात. अष्टमीच्या सुमारास उजेड-अंधाराच्या सीमेवर लेन्स रोखा आणि एक्सपोजर दोन स्टॉप वाढवा.