तुमची माहिती कुठल्या कंपनीकडे गेलीये, ते शोधायचं कसं

कस्टमर केअरला फोन लावला की पलीकडचा माणूस जन्मतारीख विचारतो, आपण लगेच सांगून टाकतो, कारण आपल्याला वाटतं हा बँकेतलाच आहे. बऱ्याचदा नसतो. बँकेने कॉन्ट्रॅक्ट दिलेल्या कंपनीचा असतो, कधीकधी त्या कंपनीने पुढे ज्याला काम दिलं त्याचा. २००३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका मोठ्या हॉस्पिटलचं असंच झालं, डॉक्टरांच्या नोट्स टाइप करायचं काम एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे जात जात कराचीतल्या एका बाईंकडे पोचलं, मधल्याने त्यांचे पैसे थकवले, तर त्यांनी सरळ हॉस्पिटललाच मेल टाकला की पैसे मिळवून द्या नाहीतर पेशंटच्या फायली नेटवर टाकते. आपलं काम कराचीत होतंय याचा हॉस्पिटलला पत्ताच नव्हता.

अशा प्रकरणांनंतर अमेरिकेत आउटसोर्सिंग रोखायची बरीच विधेयकं आली. न्यू जर्सीने २००५ मध्ये कायदा केला पण तो सरकारी कंत्राटांपुरता. कॉल सेंटर बाहेर नेणाऱ्या कंपन्यांना चाप लावायची विधेयकं तिथल्या संसदेत, म्हणजे काँग्रेसमध्ये, परत परत येतात, २०२५ मध्येही आली, आणि बहुतेक वेळा तिथेच अडकतात. तेव्हा काम बाहेर जाणं कायद्याने थांबेल या आशेवर बसू नका. आपल्या हातात जे आहे ते खासगी माहिती जपण्याच्या कायद्यात आहे, कारण त्यात काम बाहेर गेलं तरी जबाबदारी मूळ कंपनीवरच राहते.

आता प्रत्यक्ष करायचं काय. आधी कंपनीची प्रायव्हसी पॉलिसी उघडा, सगळी वाचायची गरज नाहीये, फक्त ‘थर्ड पार्टी’, ‘सर्व्हिस प्रोव्हायडर’, ‘प्रोसेसर’ हे शब्द सर्च करा. तिथे बहुतेक ‘आमचे विश्वासू भागीदार’ असलं काहीतरी गुळमुळीत सापडेल, नावं नसतील. तेवढ्यावर समाधान मानू नका. त्याच पानावर खाली तक्रार अधिकाऱ्याचा मेल असतो तो घ्या आणि लेखीच विचारा, फोनवर विचारलेल्याचा आपल्याकडे काही पुरावा राहत नाही. मजकूर साधा ठेवा:

‘माझ्या खात्याशी जोडलेली कुठली माहिती तुमच्याकडे आहे, ती कुठल्या कंपन्यांना दिली, त्या कंपन्यांची नावं आणि देश कोणते, आणि कशासाठी दिली, हे लेखी कळवा.’

यातला ‘नावं’ हा शब्द गाळू नका. युरोपात जीडीपीआर हा खासगी माहिती जपण्याचा कायदा आहे, तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्टच सांगितलं की ग्राहकाने मागितलं तर माहिती कोणाला दिली त्यांची नावंच द्यावी लागतात, नुसतं ‘मार्केटिंग कंपन्या’ म्हणून भागत नाही (मोजके अपवाद आहेत). उत्तराला मुदत एक महिना, अवघड केस असेल तर आणखी दोन. कॅलिफोर्नियात ४५ दिवस, गरज पडली तर तितकेच वाढवून मिळतात.

भारतात डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ चा, नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि ग्राहकाच्या हक्कांची कलमं त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होणार. त्यात माहिती कोणाकोणाला दिली त्यांची ओळख मागायचा हक्क आहे आणि सुरक्षेत ढिलाई केली तर २५० कोटींपर्यंत दंड आहे. तोवर हातावर हात ठेवून बसायचं कारण नाही, आयटी कायद्याखालचे २०११ चे नियम आहेत, त्यांच्याप्रमाणे कंपनीला तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क वेबसाइटवर द्यावाच लागतो आणि तक्रार महिन्याभरात निकाली काढायची असते.

एक गोष्ट मला खरंच खटकते. बाहेरच्या देशातल्या लोकांची माहिती इथल्या कंपनीने परदेशी क्लायंटच्या कॉन्ट्रॅक्टवर हाताळली तर २०२३ च्या कायद्यातल्या बऱ्याच अटींतून सूट आहे. सुरक्षा ठेवायची जबाबदारी सुटत नाही, पण त्या ग्राहकाला इथल्या कायद्याने ‘माझी माहिती दाखव’ म्हणता येत नाही, त्याला त्याच्या स्वतःच्या देशातल्या मूळ कंपनीलाच धरावं लागतं. म्हणून मेल नेहमी जिच्याशी तुमचा व्यवहार आहे त्या कंपनीलाच करा, कॉल सेंटरला नाही.

फोनवर असताना पिन आणि ओटीपी कुणालाच देऊ नका, समोरचा कितीही गोड बोलला तरी. २००५ मध्ये पुण्याच्या एका कॉल सेंटरमधल्या काही जणांनी अमेरिकन खातेदारांकडून असेच बोलता बोलता पिन काढून घेतले आणि साधारण साडेतीन लाख डॉलर वळवले.

मुदत संपली आणि उत्तर नाही आलं तर तोच मेल तारखेसकट परत पाठवा, मग युरोपात त्या देशाच्या डेटा प्राधिकरणाकडे जा, भारतात हक्क लागू झाल्यावर डेटा प्रोटेक्शन बोर्डाकडे. आणि उत्तरात नावांची यादी आली तर ती जपून ठेवा. पुढे कधी खातं बंद कराल तेव्हा माहिती पुसायची मागणी करताना हीच यादी जोडा आणि लिहा की यातल्या प्रत्येकाकडून पुसल्याचं मला कळवा, नाहीतर मूळ कंपनी स्वतःकडचं पुसते आणि बाकीच्यांकडे ते तसंच पडून राहतं.