मुहूर्ताचं घड्याळ आणि फोटोंची यादी

मराठी लग्नात दिवसभर फोटो निघत असले, तरी पुन्हा घेताच येणार नाहीत असे क्षण दहा-बारा असतात. बाकी सगळं थोडं मागेपुढे करता येतं. स्टेजवरचा जोडीचा फोटो दुपारी निघेल, नाहीतर संध्याकाळी. अंतरपाट मात्र एकदाच दूर होतो. म्हणून यादी करताना आधी हे क्षण वेगळे काढा आणि प्रत्येकापुढे लिहा: कोणाचा चेहरा हवा, कॅमेरा कुठे उभा राहणार, उजेड कसा असेल. नुसती विधींची नावं लिहिलेली यादी ऐन वेळी उपयोगाला येत नाही.

लग्नाच्या आठवडाभर आधी गुरुजींशी पंधरा मिनिटं बोला. विधींचा क्रम घराण्याप्रमाणे आणि गुरुजींप्रमाणे बदलतो. लाजाहोम जेवणाआधी की नंतर? अंतरपाट कोण धरणार आणि कोणत्या बाजूने काढणार? मंगलाष्टकं किती, आणि घरच्या कोणी स्वतः रचलेली आहेत का? घरच्यांची मंगलाष्टकं असली तर पाच-सात मिनिटं सहज वाढतात. म्हणणारी मावशी किंवा आत्या माईकपाशी कुठे उभी राहणार, तेही विचारून ठेवा, कारण तिचा फोटो घरच्यांना हवाच असतो.

मग मुहूर्तापासून उलटं मोजा. समजा मुहूर्त 12 वाजून 17 मिनिटांचा आहे. मंगलाष्टकं बाराच्या सुमारास सुरू होतील, म्हणजे 11:50 ला दोन्ही कॅमेरे आपापल्या जागी हवेत. नवरी गौरीहरापाशी साधारण 11:15 पासून बसलेली असते. मामाने दिलेली पिवळी साडी, कपाळाला मुंडावळ्या, समोर अन्नपूर्णा, हातात अक्षता. दिवसभरात ती एकटी आणि शांत अशी इथेच सापडते. कार्यालयाची ही खोली बहुधा लहान आणि ट्यूबलाइटची असते. शक्य असेल तर गौरीहर खिडकीजवळ मांडायला घरच्यांना आदल्या दिवशीच सांगा. खिडकी तिच्या एका बाजूला येऊ द्या आणि खोलीतले दिवे बंद करा. रुखवताचे फोटो याच्याही आधी, पाहुणे यायच्या आत उरकायचे. ते करणाऱ्या बायकांना मागे उभं करून एक तरी घ्या.

आता मुख्य क्षण. शेवटचं 'सावधान' होतं, अंतरपाट सरकतो, वाजंत्री सुरू होते, चारी बाजूंनी अक्षता पडतात आणि काही सेकंदांत हार गळ्यात जातात. एका माणसाला दोन्ही चेहरे मिळणार नाहीत. एक कॅमेरा नवरीच्या खांद्यामागून नवऱ्याकडे, दुसरा नवऱ्यामागून नवरीकडे, दोघेही स्टेजच्या कडेला. समोरून मध्यभागी उभं राहू नका. लोक अक्षता टाकायला आलेले असतात आणि त्यांना फोटोग्राफरची पाठ दिसते. मागे मामा आणि करवली असतात, त्यांना थोडं बाजूला सरकून उभं राहायला आधीच सांगा. उडत्या अक्षता दिसायला शटर 1/250 सेकंद किंवा त्याहून वेगवान ठेवा. पण एलईडी दिवे असतील तर वेगवान शटरला फोटोत आडवे पट्टे येतात. आपली वीज 50 हर्ट्झची असल्याने असे दिवे सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात. अशा ठिकाणी 1/100 वर या आणि अक्षतांसाठी फ्लॅश वापरा. सकाळी रिकाम्या स्टेजवर चार फोटो काढून हे तपासून घ्या.

हळदीला उलटी अडचण येते. पिवळ्या कापडाच्या मांडवाखाली सगळ्यांच्या अंगावर पिवळी झाक पडते. ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याने आपोआप रंग जुळवणं, ती काढायला जातो, तशी हळद फिकी पडते आणि प्रत्येक फोटोचा रंग वेगळा येतो. दिवसाच्या उजेडात व्हाइट बॅलन्स हाताने 5200 केल्व्हिनच्या आसपास एकाच आकड्यावर ठेवा.

लाजाहोमात नवरीचा भाऊ तिच्या ओंजळीत लाह्या घालतो, तेव्हा ओंजळ, लाह्या आणि भावाचा हात इतकंच जवळून घ्या. धुरात समोरून फ्लॅश मारला तर धूर पांढरा उजळतो आणि चेहरे हरवतात. वारा कुठून आहे ते पाहून धुराच्या विरुद्ध बाजूला बसा. लगेच कानपिळी येते. भाऊ कान पिळतो ते सगळेच टिपतात, खरी गंमत असते मागे बसलेल्या बहिणींच्या चेहऱ्यावर. सप्तपदीला कॅमेरा जमिनीलगत हवा. तांदळाच्या सात राशी आणि त्यावर पडणारं पाऊल वरून घेतलं तर नुसता शालू दिसतो.

सूनमुख पाहताना सासू आरशात सुनेचा चेहरा बघते. इथे फोकस आरशाच्या चौकटीवर अडकतो. फोकसचा ठिपका हाताने प्रतिबिंबातल्या डोळ्यावर न्या आणि एक पाऊल तिरकं उभं राहा, नाहीतर आरशात तुम्हीच दिसाल. झालीच्या वेळी, म्हणजे दिवे लावलेली टोपली डोक्यावर धरतात तेव्हा, फ्लॅश बंद. दिव्यांचाच उजेड चेहऱ्यावर हवा. आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) 3200, लेन्सचं छिद्र एफ/2, शटर 1/125 पासून सुरुवात करा.

ग्रुप फोटोंचा हिशेब कागदावर मांडा. 25 ग्रुप, प्रत्येकी 2 मिनिटं, म्हणजे 50 मिनिटं, तीही माणसं वेळेवर आली तर. पंधरा ग्रुपच्या पुढे गेलात की पंगत खोळंबते. दोन्हीकडचा एकेक माहीतगार माणूस हाताशी हवा, ज्याला 'वरमाईची मधली जाऊ' म्हटलं की चेहरा कळतो. पहिला ग्रुप आजी-आजोबांचा, खुर्चीवर बसवून. त्यांना औषधं असतात, जेवायची घाई असते आणि पुढच्या लग्नात सगळे असतीलच असं नाही. दोन रांगा असतील तर एफ/5.6 ते एफ/8, नाहीतर मागची रांग धूसर येते.

विहिणींच्या पंगतीत उखाणा सुरू असताना तोंड उघडं दिसतं. नाव घेऊन झाल्यावर जो हशा होतो, त्यासाठी थांबा.

वरातीनंतर बरेच जण गाडीमागून घरी पोहोचतात आणि माप ओलांडणं पाठीमागून मिळतं. एकाने आधीच निघून उंबरठ्याच्या आत बसावं, कॅमेरा मापाच्या उंचीवर. नंतर ताटातल्या तांदळात सोन्याच्या अंगठीने नवरीचं नाव लिहिलं जातं. अंगठी शेवटच्या अक्षरावर असतानाच बरोबर वरून फोटो घ्या. ताट पूजेला उचललं की अक्षरं मोडतात.